बर्फावरची पॉन्टियॅक

माझं काम किंमत ठरवायचं. तामरॅक गावातलं कुठलंही घर, गोठा, होडीघर दाखवा, मी त्याला दोन फेऱ्या मारतो आणि त्याची करापुरती किंमत कागदावर उतरवतो. एकदा उतरवली की त्या आकड्यावरून मला गेली सव्वीस वर्षं कोणी हलवू शकलेलं नाही. शुक्रवारी क्लबात तळलेल्या मासळीचं जेवण असतं, तेव्हा माझ्या टेबलाशी बसायला झुंबड उडत नाही, त्याचं कारण हेच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्या गावानं मिळून माझी किंमत ठरवली आणि मला अपिलाची सोयही ठेवली नाही.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला, शनिवारी, मी मासे धरायला तळ्यावर गेलो होतो. बर्फ अठ्ठावीस इंच जाड. अशा बर्फावरून ट्रक न्या, काही होत नाही. मधोमध यंदाची 'बुडती गाडी' उभी होती. दर जानेवारीत आमचा हिवाळी क्लब कोणाची तरी टाकाऊ गाडी मागून आणतो, तिचं इंजिन, तेलबिल काढून टाकतो, तिला तळ्यावर नेऊन ठेवतो आणि तिच्यापासून काठावरच्या घड्याळापर्यंत एक तार ओढतो. वसंतात बर्फ पातळ झाला की गाडी खाली जाते, तार ओढली जाते, घड्याळ थांबतं. ज्याच्या तिकिटावरची तारीख आणि वेळ सगळ्यांत जवळची, त्याला बक्षीस. उरलेल्या पैशांत अग्निशमन दलाला नवे पाइप. गाडीला मग साखळीनं ओढून काढतात आणि ती भंगारात जाते. गेल्या वर्षीची दोन तुकड्यांत वर आली होती.

यंदाच्या गाडीला शाळेतल्या चौथीच्या मुलांनी अस्वल केलं होतं. झोपलेलं अस्वल. सगळ्या अंगाला तपकिरी रंग, पुढच्या बाजूला दोन मिटलेले डोळे, पापण्यांसकट. रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे शोधायला सूक्ष्मदर्शक आणावा लागला असता. वारा अंगाला झोंबत होता, म्हणून मी अस्वलाच्या आडोशाला गेलो, बॉनेटवर थर्मास ठेवला आणि कॉफी ओतायला लागलो. थर्मास कलंडला. का कलंडला म्हणून पाहतो तर बॉनेटवर, ड्रायव्हरच्या बरोबर समोर, मुठीएवढं एक टेंगूळ. मुलांनी त्याला अस्वलाचा तीळ समजून काळा रंग दिला होता. मी हातमोजा काढून नखानं रंग खरवडला. आत काच होती. काचेखाली आकडे होते. एक, दोन, तीन, असे आठपर्यंत.

इंजिन मिनिटाला किती हजार फेरे मारतंय हे दाखवणारं घड्याळ गाडीच्या आत न ठेवता बाहेर बॉनेटवर बसवायचं, म्हणजे चालवणाऱ्यानं रस्त्यावरची नजर काढायला नको, ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल? त्या माणसाला करनिर्धारण खात्यात कोणी पाच मिनिटं टिकू दिलं नसतं. मी पुढच्या काचेवरचा बर्फ ओरबाडला, काचेला नाक लावलं आणि आतल्या पट्टीवरचा नंबर वाचला. दोन, चार, दोन. पुढचे आकडे वाचायची गरजच नव्हती. ती पॉन्टियॅक जीटीओ होती, अडुसष्ट सालची. साध्या अंगाच्या गाडीत राक्षसी इंजिन कोंबून कारखान्यांनी त्या काळात ज्या मसल कार काढल्या, त्यांच्यातलं थोरलं घराणं. शून्याखाली नऊ अंश तापमानात मी डोक्यावरची टोपी काढून उभा राहिलो. का काढली ते मला सांगता येणार नाही, पण कान अजून दुखतात.

घरी जाऊन मी मार्डेलला सगळं सांगितलं. मार्डेल म्हणजे माझी बायको. ती बटाटे सोलत होती.

"मग घे," ती म्हणाली.

"घे काय घे? घेण्याआधी बघावी लागते. चेसी कुजली असेल तर? दारांखालची पट्टी गेली असेल तर? इंजिन तर नाहीच आहे."

"मग बघ."

"बघून झालं की विचार करावा लागतो."

मार्डेलनं सोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग पुन्हा बटाटा हातात घेतला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी क्लबात मी विषय काढला. लव्हॉन ट्रेटर तिकिटं विकत टेबलाटेबलांवरून फिरत होती. ती शाळेत स्वयंपाक करते आणि हिवाळी क्लबाची अध्यक्ष आहे. दोन्हीकडे तिची पद्धत एकच: ताटात पडेल ते खायचं.

"विकायची?" ती म्हणाली. "वेर्लिन, तिच्यावर सहाशे तिकिटं गेलीत. राज्याच्या सोडत खात्याकडे तिचा नंबर लिहून दिलाय. ती आता गाडी नाही, ती सोडत आहे."

"दुसरी गाडी ठेवली तर?"

"तर वाहन-बदलाचा अर्ज, तीन प्रतींत. मंजुरीला तीस दिवस. शिवाय दुसरी गाडी तू आणायचीस, इंजिन तू काढायचंस आणि चौथीच्या मुलांना तू सांगायचंस की त्यांचं अस्वल रद्द झालं."

शेवटच्या कलमानं मला घाम फुटला. तेवढ्यात आमचे शेजारी ऑर्विल क्लुग ताट घेऊन आले. वय अठ्ठ्याहत्तर, कागदगिरणीत चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेली. अस्वलाचं इंजिन त्यांनीच काढलं होतं.

"बापरे, ते इंजिन," ते म्हणाले. "वर घेताना कंबर गेली माझी. आता ते माझ्या पोहायच्या तराफ्याचा नांगर आहे. होडीघरात पडलंय. वादळात तराफा इंचभर हलणार नाही बघ."

"ऑर्विल, ते चारशे घन इंचांचं पॉन्टियॅकचं इंजिन आहे."

"म्हणूनच म्हणतोय, हलणार नाही."

मग सल्ले सुरू झाले. गंजकी गाडी म्हणजे तळाला भोक पडलेली होडी. गंज चांगलाच, तो आतला लोखंडाचा भाग जपतो. काही झालं तरी घेऊ नकोस. घेतली नाहीस तर मरताना आठवेल. हे शेवटचे दोन सल्ले एकाच माणसाचे, एकाच घासात. या सगळ्या गोंधळात मार्डेलनं लव्हॉनकडून एक तिकीट घेतलं आणि शाळेत पेपर लिहिताना हुशार मुली करतात तसा डाव्या हाताचा आडोसा करून त्यावर काहीतरी लिहिलं. चौतीस वर्षांत तिनं सोडतीचं तिकीट घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी मी पाहणीला गेलो. बरोबर विजेरी, लोहचुंबक, स्क्रू-ड्रायव्हर आणि वही. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचा: चिकटला तर लोखंड, गळून पडला तर आत कोणीतरी लांबी भरलीय. मागच्या चाकांवरच्या पत्र्यावरून तो पाचदा गळून पडला. मग मी पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. दिवस त्या मानानं उबदार होता, बर्फावर पाण्याचा पातळसा थर होता. ढग आले, वारा फिरला. वही भरून झाल्यावर बाहेर सरकायला गेलो, तर सरकेना. माझा कोट खांद्यांपासून कमरेपर्यंत गोठून तळ्याला चिकटला होता.

अशा वेळी माणसानं हाक मारावी, हे मला कळतं. पण दोनशे पावलांवर गावातले निम्मे करदाते भोकात गळ सोडून बसले होते, आणि जीटीओच्या पोटाखालून 'मला सोडवा' असं करनिर्धारकानं ओरडावं हे पदाला शोभत नाही. मी पडून राहिलो. आणि पडून राहिलो म्हणून ते दिसलं. माझ्या नाकापासून वीतभर वर, चेसीच्या तुळईवर, पिवळ्या खडूची एक खूण होती. एक वळण, एक फराटा. कारखान्यात ओळीतून गाडी पुढे सरकताना तिथल्या कुठल्या तरी माणसानं 'हे बोल्ट आवळले' म्हणून केलेली. छप्पन्न हिवाळे, मीठ टाकलेले रस्ते, गंज, चौथीची मुलं, सगळं अंगावरून गेलं आणि खूण तशीच राहिली होती. त्याच क्षणी तळं बोललं. थंडी वाढली की बर्फ आकसतो आणि आवाज करतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तो आवाज मी आजवर उभ्यानं ऐकला होता. आता तो माझ्या पाठीतून आत शिरला, या काठापासून त्या काठापर्यंत गेला, आणि वर गाडीचा पत्रा त्याला हळूच हुंकार देत राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लगेच पुसलं, कारण तेही गोठलं असतं.

वीस मिनिटांनी गाडीशेजारी ऑर्विलचे बूट दिसले.

"आवडली वाटतं," ते म्हणाले.

"ऑर्विल, मी चिकटलोय."

त्यांनी काही न विचारता आपला थर्मास उघडला आणि दूधसाखर घातलेली गरम कॉफी माझ्या कोटाच्या कडेकडेनं ओतली. मी सुटलो. कोट सुटला नाही. तो तिथेच गाडीखाली पाठीवर पडून राहिला आणि मासे धरायला येणारे लोक त्याला 'गुड मॉर्निंग, वेर्लिन' म्हणून पुढे जायचे.

मग मी तज्ज्ञ बोलावला. तो सत्तर मैलांवरून आला, गाडीभोवती एकदा फिरला, मागची डिकी उघडली आणि डिकीच्या तळातून बर्फाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"गंज काढला तर गाडी पडेल," तो म्हणाला. डिकी लावून म्हणाला, "पण मी असतो तर घेतली असती." मग रुमालानं नाक पुसून म्हणाला, "मी घेतलीय. अशा तीन. म्हणून बायको बहिणीकडे राहते."

या मतानं माझं काम सोपं झालं नाही. मी वहीत दोन रकाने केले, घ्यावी आणि घेऊ नये. दुसरा रकाना चार पानं भरला. पहिल्यात फक्त 'पिवळी खूण' एवढंच लिहिलेलं होतं, पण ते वाचलं की चारी पानं हलकी वाटायची. अधिक विचार करता यावा म्हणून मी मासेमारीची माझी लाकडी खोली घसरगाडीवरून ओढत नेली आणि थेट अस्वलाच्या शेजारी लावली. आत शेगडी, खुर्ची, खिडकीतून समोर पॉन्टियॅक. दोन आठवडे मी रोज दुपारी तिथे बसलो. गळाला मासे लागले तेही मला नंतर, गळ तुटल्यावर कळलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला क्लबात बोलावणं आलं. टेबलामागे लव्हॉन, पुढ्यात एक मोजपट्टी.

"वेर्लिन, गाडीच्या डाव्या बाजूला बर्फ बावीस इंच आहे. उजव्या बाजूला, तुझ्या शेगडीपाशी, सतरा."

मला आधी अर्थच कळला नाही. कळला तेव्हा कानांच्या पाळ्या तापल्या. सहाशे तिकिटांच्या सोडतीत गाडी लवकर बुडावी म्हणून मी चोरून बर्फ वितळवतोय, असा आरोप होता. माझ्यावर. दुसऱ्याच्या खिडक्या मोजताना जो स्वतःची सावली वगळतो, त्याच्यावर.

"माझ्याकडे तिकीटच नाही," मी म्हणालो.

"तुझ्या घरात आहे," लव्हॉन म्हणाली.

मी मार्डेलकडे पाहिलं. माझ्याबरोबर आलेली मार्डेल कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत होती. तिनं टाके मोजणं सोडलं नाही. ठराव झाला: वेर्लिन ऑस्टबी यांनी वाहनापासून शंभर फुटांच्या आत येऊ नये. इतिवृत्तात माझं नाव पहिल्यांदाच आलं आणि ते असं आलं. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीनं विचार करायला लागलो.

अर्ज मात्र मी मागवला होता. तीन प्रती. दुसरी गाडीही ऑर्विलनी शोधून दिली, निळी, चार दारांची, जिच्या बुडण्याचं कोणालाही दुःख होणार नाही अशी. सगळे रकाने भरले. फक्त अकरावा राहिला: 'बदलाचे कारण.' त्यात काय लिहिणार? 'ऐतिहासिक मूल्य' लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक कारण' लिहिलं, खोडलं. एप्रिल उजाडला. बर्फ पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा काळपट. काठाशी पाण्याची पट्टी दिसू लागली. मंजुरीला तीस दिवस लागतात हे मला पाठ होतं, तरी मी अकराव्या रकान्यापाशीच.

वीस एप्रिलला, शनिवारी संध्याकाळी जेवताना, मी काटा खाली ठेवला.

"ठरलं," मी म्हणालो. "घेऊ या."

"बरं," मार्डेल म्हणाली, आणि तिनं पुन्हा एकदा कॅलेंडरकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी त्या वेळी कौतुक समजलो.

रविवारी दुपारी मी अर्ज घेऊन काठावर गेलो. तिथे निम्मं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं, कारण वारा दक्षिणेचा होता. अकराव्या रकान्यात मी अखेर खरं ते लिहिलं होतं: 'मला ती हवी आहे.' लव्हॉनच्या ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून मी तिसऱ्या प्रतीवर सही करत होतो. 'ऑस्टबी'मधला 'ट' काढला आणि सगळे गप्प झाले.

मी वर पाहिलं. आवाज काहीच झाला नव्हता. अस्वलानं मान खाली घातली होती. मागचा भाग हळूहळू उचलला गेला, पाणी बॉनेटवर चढलं, त्या घड्याळाच्या काचेपर्यंत आलं. आणि मग, पाण्याच्या दाबानं म्हणा, छप्पन्न वर्षांच्या कंटाळ्यानं म्हणा, डाव्या दिव्यावरचं झाकण सरकलं. त्या गाडीला दिव्यांवर झाकणं असतात. मुलांनी त्यांच्यावरच मिटलेले डोळे काढले होते. पापणी बाजूला गेली आणि आतून काच चमकली. अस्वलानं एक डोळा उघडून काठावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. चौथीची मुलंसुद्धा ओरडली नाहीत. माझ्या शेजारी ऑर्विलनी टोपी काढली, मग आणखी कोणी, मग सगळ्यांनीच. तार ताठ झाली. पाण्यावर थोडा वेळ गोल गोल वलयं उठत राहिली, आणि त्यात मध्येच माझा कोट वर आला.

घड्याळ दोन वाजून सतरा मिनिटांवर थांबलं होतं.

तासाभरानं क्लबात तिकिटं उघडली. लव्हॉननं सगळ्यांत जवळचं काढलं, वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "एकवीस एप्रिल, दोन वाजून पंधरा. मार्डेल ऑस्टबी."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि गावाच्या डोळ्यांत माझी शेगडी होती.

"मार्डेल," लव्हॉन सावकाश म्हणाली, "ही वेळ तू कशी काढलीस?"

मार्डेल उठली. "मी बर्फाचा विचारच केला नाही," ती म्हणाली. "याला फ्रिज घ्यायला सहा आठवडे लागले. छपराला आठ. गाडीला दहा धरले. गाडी पाहिली दहा फेब्रुवारीच्या शनिवारी, म्हणजे हो म्हणणार वीस एप्रिलच्या शनिवारी. आता हा ज्या दिवशी हो म्हणतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोष्ट हातची जाते, हे मी चौतीस वर्षं बघतेय. फ्रिजचं मॉडेल असंच गेलं. सव्वादोन अशासाठी, की रविवारी जेवण होऊन हा निघेपर्यंत तेवढे वाजतात."

आधी ऑर्विल हसले. मग सगळा क्लब. स्वयंपाकघरातून लोक बाहेर येऊन हसून गेले. माझ्यावरचा आरोप त्या हसण्यात वाहून गेला, मान्य आहे, पण त्याऐवजी जे सिद्ध झालं त्यापेक्षा आरोप बरा होता. आणि मी हसू शकत नव्हतो. माझ्या खिशात तीन प्रतींत 'मला ती हवी आहे' होतं, आणि ती चाळीस फूट पाण्याखाली होती.

मार्डेलनं हसणं संपू दिलं. मग म्हणाली, "बक्षीस मला नको. पाइप घ्या त्याचे. त्याऐवजी ती गाडी भंगारात न देता आमच्या अंगणात आणून टाका."

ते बक्षीस म्हणजे तिची नवी शेगडी होती. चार वर्षं तिच्या जुन्या शेगडीचा एकच बर्नर चालतो, आणि दुसरी घ्यायची की दुरुस्त करायची हा विचार माझ्याकडे चालू आहे. हे मला तिथे, तेवढ्या माणसांत, उभ्यानं आठवलं.

"पण आधी त्याला विचारा," मार्डेल म्हणाली. "हवी की नको, ते त्यानंच सांगायचं."

लव्हॉननं पेन उचललं. "वेर्लिन, दोन तुकड्यांत येईल कदाचित. किंवा येणारच नाही. बघायची सोय नाही, चुंबक लावायची नाही. हवी?"

सगळा क्लब सावरून बसायला लागला. कोणीतरी कॉफी सांगितली, कोणीतरी तळलेल्या चीजची बशी जवळ ओढली. ऑर्विल मागे वळून स्वतःसाठी खुर्ची ओढू लागले, म्हणजे आता निवांत बसायला हरकत नाही.

"हवी," मी म्हणालो.

ऑर्विल अजून खुर्चीला टेकलेही नव्हते.